गिलसाहेबांचा कॅमेरा

मेजर रॉबर्ट गिल म्हटले की मराठी वाचकाला पारो आठवते. त्यांचे काम मात्र विस्मरणात जाते. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी १८४४मध्ये मद्रास लष्करातील या चित्रकाराची नेमणूक झाली. लेण्यांच्या अंधुक उजेडात वर्षानुवर्षे खपून त्यांनी रंगविलेली बहुतेक चित्रे १८६६मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत भस्मसात झाली. सुदैवाने तोवर त्यांनी कॅमेरा हाती घेतला होता. स्टिरिओस्कोपमधून पाहावयाची त्यांची जोडछायाचित्रे १८६४मध्येच ग्रंथरूपाने आली होती. त्यांत रंग नव्हते. पण एका काचेवरून अनेक प्रती निघत, म्हणून ती उरली. आपल्या विदर्भातील लोणारची मंदिरेही त्यांनी टिपली. १८७९मध्ये ते निवर्तले. त्यांची कबर भुसावळला आहे.