'दास' म्हणविणारे कवी टिळक

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात धरणगावच्या त्र्यंबक ठोंबरे यांना 'बालकवी' ही पदवी लाभली. पुढे त्यांना अहमदनगरास आपल्या घरी आश्रय देणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) तेव्हा महाराष्ट्रभर ख्यातनाम होते. संतकवी अभंगाच्या अखेरीस आपले नाव गुंफतात. तुकोबांना गुरुस्थानी मानणाऱ्या टिळकांनी मात्र तेथे नावाऐवजी 'दास' हा शब्द योजिला. ते प्रॉटेस्टंट होते, तरी त्यांची भजने आपल्या मुखी आहेतच. त्यांचा स्वभाव तापट. म्हणूनच हा शब्द त्यांना सहज साधला नसावा, असे आम्हांस वाटते. १९१७ साली त्यांनी मिशनचे वेतन सोडले व साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.