तीन महिन्यांची शपथ

१८८४ सालची गोष्ट. आयर्लंडमधील डब्लिन शहरात २८ वर्षांचा मॅट टॅलबॉट दारूच्या गुत्त्याबाहेर उभा होता. खिसा रिकामा होता. ज्या मित्रांना त्याने कित्येकदा पाजली होती ते एकामागून एक आत गेले, पण कोणीही त्याला बोलावले नाही. तो घरी परतला आणि दारू सोडण्याची शपथ घ्यायला क्लॉनलिफच्या सेमिनरीत धर्मगुरूंकडे गेला.

मॅट बाराव्या वर्षी दारूच्या व्यापाऱ्याकडे कामाला लागला होता आणि तिथेच त्याला चटक लागली. पुढे पगार गुत्त्यात जाई. एकदा तर त्याने रस्त्यावर वाजवणाऱ्या गरीब माणसाचे फिडल चोरून विकले होते.

त्या दिवशी त्याने पापनिवेदन केले. शपथ घेतली ती फक्त तीन महिन्यांची! मुदत संपली की पुन्हा पिईन, असे तो आईला म्हणे, इतके ते दिवस कठीण गेले. मग सहा महिन्यांची आणि शेवटी जन्मभराची शपथ झाली. मित्र गुत्त्यात जमायच्या वेळी तो चर्चमध्ये जाऊन बसे. एकदा मोह झाला, तेव्हापासून त्याने खिशात पैसे ठेवणेच सोडले.

आपल्याकडे सणासुदीला जन्मभराची शपथ घेतात आणि आठ दिवसांत मोडतात. म्हणूनच ही छोटी मुदत आम्हाला मोलाची वाटते. आजचे समुपदेशकही थोडक्या भेटींत असेच बोलतात: किती पितोस, कुठे मोह होतो, पुढच्या भेटीपर्यंत काय जमेल? गोव्यातील आरोग्य केंद्रांत 'संगत' संस्थेच्या प्रशिक्षित समुपदेशकांनी, जे डॉक्टर नव्हते, जास्तीत जास्त चार भेटींत हे करून पाहिले. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त जणांचे पिणे आटोक्यात आल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अंगाला कंप सुटून जिवावर बेतू शकते.

मॅटने उधाऱ्या फेडल्या. फिडलवाला खूप शोधूनही सापडला नाही, तेव्हा त्याच्यासाठी मिस्सा अर्पण करायला पैसे दिले. लाकडाच्या वखारीत मजुरी करीत तो ४१ वर्षे दारूविना जगला. ७ जून १९२५ रोजी, पवित्र त्रैक्याच्या रविवारी, मिस्साला जाताना तो गल्लीत कोसळला आणि गेला. १९७५ साली पोप पॉल सहावे यांनी त्याला वंदनीय घोषित केले. डब्लिनच्या लूर्ड्स मातेच्या चर्चमध्ये त्याची कबर आहे.