डिप्रेशन मोजायची पट्टी तयार करणारे मॅक्स हॅमिल्टन

ताप मोजायला थर्मामीटर असतो, वजनाला काटा. पण डिप्रेशन किती आहे हे कसं मोजणार?

१९५० च्या दशकात डिप्रेशनवर नवी औषधं आली आणि हा प्रश्न निकडीचा झाला. पेशंट खरंच सुधारला, की डॉक्टरला तसं नुसतं वाटलं?

त्यावर मॅक्स हॅमिल्टन यांनी उत्तर शोधलं. १९१२ मध्ये जर्मनीत जन्मलेले हॅमिल्टन लहानपणीच कुटुंबासोबत इंग्लंडला आले, लंडनमध्ये डॉक्टर झाले आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात होते. मानसोपचाराइतकंच त्यांना संख्याशास्त्राचंही वेड.

१९६० मध्ये त्यांनी आपली मोजपट्टी प्रसिद्ध केली. त्यात १७ मुद्दे होते: उदासी, अपराधी भावना, झोप, भूक, कामातला रस वगैरे. पेशंटशी बोलून डॉक्टरने प्रत्येक मुद्द्याला गुण द्यायचे. बेरीज जितकी जास्त, तितका आजार तीव्र.

हॅमिल्टन यांनी मर्यादाही तेव्हाच सांगितल्या होत्या. ही पट्टी आजार ओळखण्यासाठी नाही. निदान आधीच झालेल्या पेशंटची तीव्रता मोजण्यासाठी आहे. मुलाखत घेणारा कच्चा असेल, तर गुणही कच्चे. शक्यतो दोन डॉक्टरांनी वेगवेगळे गुण द्यावेत. मूळ अभ्यासात पेशंट होते फक्त ४९, तेही सगळे पुरुष.

पण पट्टी सोपी होती, हाताशी होती. बघता बघता जगभरातल्या औषध चाचण्यांचा निकाल तिच्यावर लागू लागला. १९६३ मध्ये हॅमिल्टन लीड्स विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८८ मध्ये ते वारले, तोवर त्यांचं नाव म्हणजेच ही पट्टी, असं झालं होतं.

आता यातली खरी गोम बघा. झोपेचे मुद्दे तीन, मिळून ६ गुण. आत्महत्येच्या विचारांचा मुद्दा एक, जास्तीत जास्त ४ गुण. म्हणजे नुसती झोप आणणाऱ्या गोळीनेही आकडा खाली येऊ शकतो, मन होतं तिथेच राहिलं तरी! बेरीज करताना कुठल्या गोष्टीला किती वजन द्यायचं, हे चुकलं की आकडा नेमका दिसतो, पण भलतंच मोजतो.

२००४ मध्ये संशोधकांनी या पट्टीवरचे ७० अभ्यास तपासले. दोन डॉक्टरांची एकूण बेरीज बऱ्यापैकी जुळत होती, पण एकेका मुद्द्याचे गुण बघितले की गडबड दिसायची. रचनाच सदोष आहे, असं त्यांचं मत पडलं.

औषध चाचण्यांमध्ये ती पट्टी आजही वापरली जाते. इतक्या वर्षांचे जुने निकाल तिच्याच आकड्यांत आहेत, त्यामुळे तुलना करायची तर ती सोडणंही सोपं नाही.