शिक्का डाव्याचा, शोध तेलाचा

आज कॉलेजला येताना गाडीत शंभरचं पेट्रोल टाकलंत ना? आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त तेल बाहेरून आणतो. म्हणजे तुमच्या शंभरातले काही पैसे परदेशी जातात. उरलेलं जे तेल आपल्याच जमिनीतून आणि समुद्रातून येतं, त्यामागे एक माणूस होता. त्याचं नाव केशव देव मालवीय. नाव ऐकलेलं नसेल, तर आज ऐका.

मालवीय यांचा जन्म १९०४ चा, उत्तर प्रदेशातला. कानपूरच्या हारकोर्ट बटलर संस्थेत ते तेल तंत्रज्ञान शिकले. नोकरी धरून बसले असते तर आयुष्य सुखात गेलं असतं. पण ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले, तुरुंगात गेले आणि पुढे नेहरूंच्या सरकारात मंत्री झाले.

तेव्हाचं चित्र डोळ्यासमोर आणा. तेल शोधायचं, शुद्ध करायचं, विकायचं, सगळं परदेशी कंपन्यांच्या हातात. आपल्या ट्रॉम्बेतल्या दोन रिफायनऱ्यासुद्धा त्यांच्याच. आसाम सोडला तर भारतात फारसं तेल नाही, असंच तेव्हा मानलं जायचं. मालवीय यांना ते पटेना. आपण स्वतः शोधलंच नाही, तर नाही म्हणायचं कशाच्या जोरावर?

मग त्यांनी सोव्हिएत तज्ज्ञ बोलावले. १९५६ मध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोग उभा राहिला. तीच आजची ओएनजीसी. १९५८ मध्ये गुजरातेत खंभातजवळ तेल लागलं, १९६० मध्ये अंकलेश्वरला. अंकलेश्वरच्या विहिरीला नेहरूंनी नाव दिलं ‘वसुधारा’.

इथेच शिक्का बसला. रशियाची मदत घेतो म्हणजे हा कम्युनिस्ट! काँग्रेसमधलेही काही जण त्यांना डावे म्हणून बाजूला काढायचे. १९६० मध्ये तर कहर झाला. सोव्हिएत संघ स्वस्तात कच्चं तेल द्यायला तयार होता, पण ते शुद्ध करायला परदेशी कंपन्यांनी नकार दिला. रिफायनऱ्या आपल्या जमिनीवर, पण मर्जी त्यांची! मात्र ही ऑफर हातात होती म्हणून सरकारला घासाघीस करता आली आणि कंपन्यांना आपल्या तेलाचे भाव थोडे खाली आणावे लागले.

आता जरा थांबून बघा. याच ‘कम्युनिस्ट’ मंत्र्याच्या काळात, १९५९ मध्ये, ब्रिटिश बर्मा ऑइलसोबत भागीदारीत ऑइल इंडिया कंपनी निघाली. गुवाहाटीच्या रिफायनरीला मदत रोमानियाची. मदत कोण देतंय यापेक्षा तेलाची दोरी शेवटी कुणाच्या हातात राहते, हा त्यांचा प्रश्न होता. शिक्का मारणाऱ्यांना तो दिसलाच नाही.

पण त्यांना देव्हाऱ्यातही बसवू नका. एका खाण कंपनीकडून निवडणुकीतल्या एका उमेदवारासाठी दहा हजार रुपये मागितल्याचं प्रकरण त्यांना भोवलं. न्यायमूर्ती एस. के. दास यांनी चौकशी केली आणि १९६३ मध्ये मालवीय यांना मंत्रिपद सोडावं लागलं. ते डावे होते म्हणून त्यांचा काटा काढला, असं त्यांच्या बाजूचे लोक म्हणत राहिले. असेलही. पण पैसे मागणं चूकच होतं, आणि ती चूक ना डावी होती ना उजवी.

फेब्रुवारी १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या जहाजाला मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्राच्या तळाखाली तेल लागलं. तेच आपलं बॉम्बे हाय. तेलाचे भाव जगभर भडकले होते, तेव्हाची ही गोष्ट. त्याच वर्षी मालवीय पुन्हा पेट्रोलियम मंत्री झाले. १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं, आणि तोवर ट्रॉम्बेच्या त्या दोन्ही रिफायनऱ्याही सरकारच्या झाल्या होत्या. १९८१ मध्ये मालवीय गेले. डेहराडूनच्या तेलसंशोधन संस्थेला आज त्यांचं नाव आहे.

कट्ट्यावर, ग्रुपवर आपणही पटकन ठरवून टाकतो, हा डावा, तो उजवा, तो अमक्याचा भक्त. पुढच्या वेळी शिक्का उचलण्याआधी एवढंच विचारा, या माणसानं नेमकं केलं काय? आणि चेंबूरहून माहुलकडे जाताना रिफायनरीच्या चिमण्या दिसल्या, की मालवीय यांची आठवण काढा.