वॉशिंग्टनचा निरोप

१७९६ सालच्या डिसेंबर महिन्याची ७ तारीख होती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी त्या काळी फिलाडेल्फिया शहरात होती. तेथील प्रतिनिधिगृहात दोन्ही सभागृहांचे सभासद जमले होते. बसावयास जागा उरली नव्हती आणि दाराबाहेर लोकांची एकच दाटी झाली होती. सहा फुटांहून अधिक उंचीचा एक वृद्ध पुरुष व्यासपीठावर चढला आणि हातातील कागद उलगडून वाचू लागला. तो जॉर्ज वॉशिंग्टन होता. राष्ट्राध्यक्ष या नात्याने काँग्रेसपुढील हे त्याचे शेवटचे भाषण होते.

वॉशिंग्टन हा काही फर्डा वक्ता नव्हता. त्याचा आवाज मुळात खालचा. त्यातच त्याचे दात तरुणपणीच पडू लागले होते व तोंडात कवळी बसवावी लागे. ही कवळी लाकडाची होती असे पुष्कळांस वाटते. परंतु ती हस्तिदंत, पाणघोड्याचे दात, धातू व माणसांचे दात यांची बनविलेली असे. ती इतकी बोचे की बोलणे हीच शिक्षा होई. अशा माणसाचे शब्द ऐकण्यासाठी एवढी गर्दी का लोटावी, हे समजण्यास त्याच्या आयुष्याकडे थोडे मागे वळून पाहिले पाहिजे.

जॉर्जचा जन्म २२ फेब्रुवारी १७३२ रोजी व्हर्जिनिया या इंग्रजांच्या वसाहतीत झाला. तो अकरा वर्षांचा, म्हणजे तुमच्याएवढाच असताना त्याचे वडील वारले. वडील सावत्र भाऊ इंग्लंडात शिकून आले होते. जॉर्जचे ते भाग्य हुकले. पंधरा-सोळाव्या वर्षी हाती साखळी व होकायंत्र घेऊन तो रानावनांतून जमिनीची मोजणी करीत हिंडू लागला. कुऱ्हाडीने चेरीचे झाड तोडून त्याने वडिलांपुढे खरे सांगितले, ही गोष्ट तुम्ही कदाचित ऐकली असेल. ती त्याच्या मृत्यूनंतर एका चरित्रकाराने पुस्तकात घातली; तिला पुरावा नाही. त्याचा खरेपणा पाहावयाचा तर तो पुढच्या घटनांत पाहावा.

१७७५ साली वसाहतींनी इंग्लंडविरुद्ध शस्त्र उचलले आणि वॉशिंग्टनला सरसेनापती नेमले. त्याने वेतन नाकारले. केवळ खर्चाचा हिशेब तेवढा ठेवला. त्याच्या सैन्याजवळ ना पुरते अन्न होते, ना कपडे. १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्ज येथील छावणीत सुमारे दोन हजार शिपाई रोगराईने मेले. तथापि सेना फुटली नाही. अखेर १७८१ मध्ये फ्रेंचांच्या साहाय्याने त्याने यॉर्कटाउन येथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस याला कोंडले व शरण आणले. हाच कॉर्नवॉलिस पुढे १७८६ साली गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, आणि १७९२ मध्ये श्रीरंगपट्टणापुढे टिपूविरुद्ध पेशव्यांच्या फौजेच्या साथीने उभा राहिला.

युद्ध थांबले, पण संकट टळले नाही. सैनिकांचे पगार कित्येक महिने थकले होते. १७८३ च्या मार्च महिन्यात न्यूबर्ग येथील छावणीत काही अधिकारी काँग्रेसलाच धाक घालण्याची भाषा बोलू लागले. वॉशिंग्टन त्यांच्या सभेत गेला. भाषण संपवून तो एक पत्र वाचावयास लागला, तो अक्षरे लागेनात. त्याने खिशातून चष्मा काढला. सेनापतीला चष्मा लागतो हे त्यांपैकी बहुतेकांस ठाऊकच नव्हते. देशसेवेत आपले केस पिकले आणि आता दृष्टीही अधू झाली, असे काहीसे तो सहज बोलून गेला. युक्तिवादाने जे साधले नव्हते ते त्या चष्म्याने साधले. अधिकाऱ्यांचे डोळे पाणावले आणि बंडाचा विचार तेथेच विरला.

त्याच वर्षी २३ डिसेंबरला दुपारी तो अॅनापोलिस येथे काँग्रेसपुढे उभा राहिला. तेथे हजर असलेले सभासद जेमतेम वीस होते. सेनापती कोणाचा चाकर आहे हे स्पष्ट दिसावे, म्हणून शिष्टाचार आधीच ठरविला होता: सेनापतीने वाकून नमस्कार करावा आणि सभासदांनी बसल्या जागी केवळ टोपी काढावी. वॉशिंग्टनने तो काटेकोरपणे पाळला. वाचताना त्याचा हात इतका थरथरू लागला की त्याने कागद दोन्ही हातांनी धरला. मग त्याने सेनापतिपदाची सनद काढून अध्यक्षांच्या हाती परत दिली आणि घोड्यावर बसून तो माउंट व्हर्ननला, आपल्या घरी निघून गेला. विजयी सेनापतीने सिंहासन बळकावल्याची उदाहरणे इतिहासात पानोपानी सापडतात. येथे सेना मुठीत असलेला माणूस नाताळला घरी पोहोचण्याची घाई करीत होता!

पण शेती त्याच्या नशिबी फार दिवस नव्हती. १७८९ साली मतदार-प्रतिनिधींनी एकमताने त्याला पहिला राष्ट्राध्यक्ष निवडले, व चार वर्षांनी पुन्हा निवडले. एका मनुष्याने किती वेळा अध्यक्ष व्हावे याला राज्यघटनेत तेव्हा मर्यादा नव्हती. तो मरेपर्यंत त्या पदावर राहिला असता तरी कोणी त्याला बेकायदा म्हणू शकले नसते. मात्र १९ सप्टेंबर १७९६ रोजी फिलाडेल्फियाच्या एका वृत्तपत्रात त्याचे प्रसिद्ध निरोपपत्र छापून आले, आणि तो पुन्हा उभा राहणार नाही हे लोकांना कळले. हे पत्र त्याने सभेत वाचले नाही. काँग्रेसचा समक्ष निरोप घेतला तो डिसेंबरात.

त्या दिवशी त्याने स्वतःविषयी अगदी थोडे सांगितले. आरमार उभारावे, शेतीच्या सुधारणेसाठी मंडळ नेमावे, युद्धशास्त्राची शाळा काढावी आणि निरनिराळ्या संस्थानांतील तरुण एकत्र शिकतील असे राष्ट्रीय विद्यापीठ स्थापावे, अशा सूचना त्याने केल्या. जाणारा माणूस येणाऱ्यांची कामे नेमून देत होता. त्यांतील सैनिकी शाळा १८०२ मध्ये वेस्ट पॉइंट येथे निघाली. विद्यापीठ मात्र कधीच झाले नाही, जरी त्यासाठी त्याने मृत्युपत्रात एका कंपनीचे आपले पन्नास भाग ठेवले होते. शेवटी राष्ट्राच्या कल्याणासाठी ईश्वराची प्रार्थना करून तो खाली उतरला.

सर्वांनाच त्याचे प्रेम होते असे नाही. विरोधी वृत्तपत्रे त्याच्यावर जहरी टीका करीत. भाषणाला प्रतिनिधिगृहाने स्तुतिपर उत्तर द्यावे असे ठरले, तेव्हा बारा सभासदांनी विरुद्ध मत दिले. त्यांत टेनेसीहून नुकताच आलेला अँड्र्यू जॅक्सन नावाचा तरुण होता. पुढे तोही राष्ट्राध्यक्ष झाला. या विरोधकांपैकी कोणालाही तुरुंगात टाकले गेले नाही.

त्याच्या थोरवीवर एक काळी छायाही आहे. स्वातंत्र्यासाठी लढलेल्या या माणसाच्या मळ्यावर शेकडो गुलाम राबत होते. वडिलांच्या मृत्यूनंतर, अकराव्या वर्षीच, तो दहा गुलामांचा मालक झाला होता. ज्या १७९६ साली त्याने स्वखुशीने सत्ता सोडली, त्याच साली त्याच्या घरातील ओना जज ही तरुण दासी फिलाडेल्फियाहून पळाली. तिला परत आणण्यासाठी त्याने खटपट केली. ती हाती लागली नाही आणि अखेरपर्यंत स्वतंत्र राहिली.

४ मार्च १७९७ रोजी जॉन अॅडम्स याने त्याच सभागृहात राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली. समारंभ संपल्यावर नवा अध्यक्ष बाहेर पडला. त्याच्यामागून कोणी जावयाचे, असा प्रश्न क्षणभर उभा राहिला. नवा उपाध्यक्ष टॉमस जेफरसन संकोचाने थबकला. वॉशिंग्टनने त्याला पुढे होण्याची खूण केली आणि तो गेल्यावर आपण मागून निघाला. तो आता साधा नागरिक होता. त्याच्यानंतर १९४० सालापर्यंत कोणीही सलग तिसऱ्यांदा त्या पदावर निवडून आला नाही, आणि १९५१ मध्ये दोन वेळांची मर्यादा घटनेतच घालण्यात आली.

माउंट व्हर्ननला त्याला जेमतेम पावणेतीन वर्षे मिळाली. हिमवर्षावात घोड्यावरून शेते पाहून आल्यावर त्याचा घसा धरला, आणि १४ डिसेंबर १७९९ रोजी त्याचा अंत झाला. मृत्युपत्र उघडले तेव्हा, पत्नीच्या पश्चात आपल्या मालकीच्या सर्व गुलामांना मुक्त करावे असे त्यात लिहिलेले आढळले. त्यांपैकी विल्यम ली या एकालाच तत्काळ मुक्तता आणि वर्षाला तीस डॉलर ठेवले होते. युद्धाची आठही वर्षे तो आपल्या धन्याशेजारी घोड्यावर होता. गुडघे निकामी झालेला ली मुक्त झाल्यावरही माउंट व्हर्ननलाच राहिला, आणि युद्धातील जुने शिपाई तेथे आले म्हणजे त्याला भेटल्याशिवाय जात नसत.