सोयाबीन, मलम आणि पर्सी ज्युलियन

'हर्बल' लिहिलेली क्रीमची ट्यूब तुमच्याही बॅगेत असेल. झाडपाल्याचं आहे म्हणजे साइड इफेक्ट नाही, असं आपण धरूनच चालतो ना? मग पर्सी ज्युलियन यांची गोष्ट वाचाच.

जन्म १८९९चा, अमेरिकेतल्या अलाबामातला. आजोबांनी गुलामी भोगलेली. गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी आठवीनंतर सरकारी शाळा नव्हती. तरी १९२०मध्ये डीपॉ विद्यापीठात ते पहिले आले. पीएच.डी.साठी मात्र व्हिएन्ना गाठावं लागलं. १९३५मध्ये कॅलाबार नावाच्या आफ्रिकी बीतलं फायसोस्टिग्मिन, म्हणजे काचबिंदूवरचं औषध, त्यांनी प्रयोगशाळेत बनवून दाखवलं. एवढं करूनही प्राध्यापकी मिळाली नाही. आडवा आला तो रंग.

मग शिकागोत ग्लिडन कंपनीत नोकरी. तिथे एकदा सोयाबीन तेलाच्या टाकीत पाणी शिरलं आणि पांढरा साका जमला. इतरांना वाटलं, तेल वाया गेलं. ज्युलियननी ओळखलं, हे स्टिगमास्टेरॉल! त्यापासून त्यांनी हार्मोन बनवले. बैलाच्या पित्तापासून बनणारं महागडं कॉर्टिसोन स्वस्त होण्याची वाटही त्यांच्या कामामुळे सोपी झाली. त्याच कुळातलं हायड्रोकॉर्टिसोन १९५२पासून इसबावर मलम म्हणून लावलं जाऊ लागलं.

पण मलम आत जातं कसं? त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे मृत पेशी आणि त्यांच्यामधली चरबी. लहान आणि तेलात विरघळणारे रेणू त्यातून झिरपतात. सोयाबीनमधली मोठाली प्रथिनं बाहेरच अडतात, स्टेरॉइड मात्र आत शिरतं. रेणू झाडातून आला की कारखान्यातून, याचं त्वचेला काही देणंघेणं नसतं. ती लेबल वाचत नाही.

म्हणूनच जपा. गोरं व्हायला म्हणून स्टेरॉइडचं मलम महिनोन् महिने चोपडलं, तर त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ उठतं. २०१८पासून आपल्याकडे अशी बरीच मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे. तरी ती मागितली जातात आणि मिळतातही.

१९५१मध्ये ज्युलियन यांच्या घरावर डायनामाइट फेकलं गेलं. कारण एकच, कातडीचा रंग. तरीही ते घर न सोडता तिथेच राहिले. १९७५मध्ये ते गेले. त्यांनी ज्या औषधांची वाट सोपी केली, त्यांच्याच कुळातलं मलम आज आपण रंग उजळायला फासतो. पुढची ट्यूब उघडण्याआधी मागची बारीक अक्षरं तेवढी वाचा.