डॉ. आ. ने. उपाध्ये : एका अध्यापकाची संशोधनसाधना

महाविद्यालयात शिकवणाऱ्या अध्यापकाला संशोधनाचे शिक्षण मिळते कोठे, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा प्रशासकीय अंगाने चर्चिला जातो. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर अध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग सुरू झाले. पुढे पीएच. डी. साठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. ही व्यवस्था निरुपयोगी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. परंतु यांतील काहीही अस्तित्वात नसताना, संशोधनसंस्थांपासून दूर असलेल्या एका संस्थानी महाविद्यालयात अर्धमागधीसारखा अल्पसंख्य विद्यार्थ्यांचा विषय शिकवणाऱ्या एका अध्यापकाने भारतीय विद्येच्या क्षेत्रात प्रथम श्रेणीचे स्थान मिळवले. ते कसे मिळवले, हे पाहणे या संदर्भात उद्बोधक ठरेल. हे अध्यापक म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये.

उपाध्ये यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी सदलगा या गावी झाला. हे गाव तत्कालीन बेळगाव जिल्ह्यातील. घरची भाषा कन्नड. उपाध्ये हे उपनावच या भागातील जैन मंदिरांच्या पौरोहित्याशी जोडलेले असल्याने संस्कृत-प्राकृत शब्द कानांवर लहानपणापासून पडत असणार, असे अनुमान करता येते. पण केवळ संस्कारांतून संशोधक घडत नाही. त्यांना वळण लावले ते डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्या गुरूने आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील वातावरणाने. १९३० मध्ये मुंबई विद्यापीठाची एम. ए. पदवी मिळवून ते त्याच वर्षी राजाराम महाविद्यालयात अर्धमागधीचे अध्यापक झाले आणि १९६२ पर्यंत तेथेच राहिले. त्या वेळी प्राचार्यपदी असलेले डॉ. बाळकृष्ण स्वतः शिवचरित्राच्या साधनांत गुंतलेले होते. अध्यापकाने ग्रंथ लिहावा ही अपेक्षा त्या वास्तूत अगदीच परकी नव्हती, एवढे त्यावरून म्हणता येईल.

कोल्हापुरात पुण्यासारखे हस्तलिखितांचे मोठे सार्वजनिक भांडार नव्हते. मात्र लक्ष्मीसेन मठात ताडपत्रांवरील पोथ्या होत्या. त्यांतच उपाध्ये यांना वरांगचरित या संस्कृत काव्याची कन्नड लिपीतील पोथी आढळली. काव्य संस्कृत, लिपी कन्नड, आणि कर्त्याविषयी विद्वानांत संभ्रम. जुन्या जैन ग्रंथकारांनी आणि कन्नड लेखकांनी केलेले उल्लेख एकमेकांशी ताडून त्यांनी हे काव्य जटासिंहनंदीचे असल्याचे दाखवून दिले आणि १९३८ मध्ये त्याची संपादित आवृत्ती सिद्ध केली. घरात शिकलेली लिपी आणि वर्गात शिकवलेली भाषा, दोन्ही येथे एकाच कामाला आल्या. गावातली पोथी वाचण्यासाठी त्यांना गाव सोडावे लागले नाही. त्या पोथीचे स्थान निश्चित करण्यासाठी मात्र साऱ्या भारतातील ग्रंथभांडारांशी संबंध जोडावे लागले.

तत्पूर्वी १९३५ मध्ये त्यांनी कुंदकुंदाचार्यांच्या प्रवचनसाराची आवृत्ती प्रसिद्ध केली होती. तिची प्रस्तावना हाच एक स्वतंत्र ग्रंथ आहे. कुंदकुंदांचा काळ, त्यांच्या नावावरील ग्रंथ, त्यांच्या भाषेचे स्वरूप असा एकेक प्रश्न घेऊन त्यांनी परंपरेतील मते प्रथम मांडली, मग पुरावा तोलला आणि जेथे पुरावा थांबतो तेथे स्वतःही थांबले. परंपरेविषयी आदर बाळगूनही कालनिर्णयात तिला साक्षीदारापेक्षा वरचे आसन द्यायचे नाही, ही शिस्त त्या प्रस्तावनेत पूर्ण रूपाने दिसते. संपादक स्वतः त्या धर्मपरंपरेत वाढलेला होता हे लक्षात घेता हा संयम सोपा नव्हता. १९३७ मध्ये योगींदूच्या परमात्मप्रकाशाची अपभ्रंश संहिता आली, आणि त्या दशकाच्या अखेरीस मुंबई विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. दिली. पदवी मागून आली. तिच्यासाठी म्हणून केलेले काम यांत वेगळे काढता येत नाही.

यानंतरची यादी लांबलचक आहे आणि येथे ती देण्याचे प्रयोजन नाही. हरिषेणाचा बृहत्कथाकोश (१९४३) आणि त्याला जोडलेला जैन कथावाङ्मयाचा विस्तृत आढावा, तसेच डॉ. हिरालाल जैन यांच्यासमवेत दोन भागांत संपादिलेली तिलोयपण्णत्ती, एवढी नावे पुरेत. हिरालालजींशी त्यांचे सहकार्य दीर्घकाळ टिकले. सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेचे प्रधान संपादकत्व दोघांनी मिळून सांभाळले. इतरांची संपादने तपासणे, संहितेचे प्रश्न उभे करणे हे त्या पदाचे नित्याचे काम. आज ज्याला आपण अध्यापकांचे संशोधन-प्रशिक्षण म्हणतो, ते त्या काळी बऱ्याच अंशी अशा ग्रंथमालांच्या मुद्रितांवर चालत असे.

मराठीच्या अभ्यासकाला उपाध्ये यांच्या दोन ग्रंथांशी विशेष कर्तव्य आहे. कोऊहलाची लीलावई त्यांनी १९४९ मध्ये संपादिली. प्रतिष्ठानचा सातवाहन राजा आणि सिंहलची राजकन्या यांची ही प्राकृत कथा, आणि तिचा कर्ता आपल्या काव्याच्या भाषेला महाराष्ट्रदेशीची भाषा म्हणतो. दुसरा ग्रंथ उद्योतनसूरीची कुवलयमाला. जालोर येथे इ. स. ७७९ मध्ये पूर्ण झालेल्या या कथेतील बाजारपेठेचा प्रसंग मराठीच्या प्रत्येक भाषेतिहासात येतो. देशोदेशींच्या व्यापाऱ्यांत मराठेही तेथे दिसतात; त्यांची अंगकाठी, त्यांचा भांडखोरपणा आणि त्यांच्या तोंडचे दोन शब्द उद्योतनाने टिपले आहेत. एवढाच तुकडा आपल्याकडे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात प्रवास करीत राहिला. प्रबंधांचे परीक्षण करताना प्रस्तुत लेखकाला तो अनेकदा भेटला आहे. त्याखाली उपाध्ये यांच्या आवृत्तीचा पृष्ठांक मात्र क्वचितच भेटला.

त्या आवृत्तीमागचे श्रम लक्षात घेतले म्हणजे ही उणीव अधिक बोचते. उपाध्ये यांच्यासमोर मुख्यतः दोन पोथ्या होत्या : एक पुण्याची कागदावरील, दुसरी जेसलमेरची ताडपत्रावरील. ग्रंथमालेचे प्रमुख मुनी जिनविजय. दोन पोथ्यांतील भेद केवळ लेखनिकांच्या प्रमादांनी उलगडण्यासारखे नव्हते. अशा वेळी आपल्याला रुचेल तो पाठ घेऊन संहिता गुळगुळीत करण्याचा मोह संपादकाला होतो. उपाध्ये यांनी तो टाळला आणि पाठभेद वाचकासमोर ठेवले. बोलीतील शब्दांच्या बाबतीत याचे महत्त्व फार मोठे आहे, कारण दूरच्या प्रांतातला लेखनिक अनोळखी देशी शब्द आपल्या सवयीप्रमाणे सहज बदलून टाकतो. त्या दोन शब्दांवर मराठीच्या प्राचीनत्वाचा भार टाकणाऱ्याने निदान तळटीप तरी उघडून पाहावयास हवी. मूळ संहिता १९५९ मध्ये आली. प्रस्तावना, टिपा आणि वासुदेवशरण अग्रवाल यांचे सांस्कृतिक टिपण असलेला दुसरा भाग १९७० मध्ये. मधली अकरा वर्षे आजच्या मूल्यमापनाच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात बसली असती, कोण जाणे.

या चरित्राला एक मर्यादाही आहे. उपाध्ये यांच्या थोर प्रस्तावना इंग्रजीत आहेत. प्राच्यविद्येच्या जगात त्यामुळे त्या पोचल्या, परंतु शेजारच्या वर्गात मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत त्या पोचण्याची वाट अरुंदच राहिली. हा दोष एकट्या उपाध्ये यांचा नव्हे. प्राकृत आणि मराठी या दोन विभागांत आपण जी भिंत बांधली, तिचा तो परिणाम आहे.

नोव्हेंबर १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, तेव्हा उपाध्ये यांची महाविद्यालयीन सेवा संपत होती. नव्या विद्यापीठात कला विद्याशाखेचे अधिष्ठातापद त्यांच्याकडे आले. १९६६ मध्ये अलीगढ येथील अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचे ते अध्यक्ष होते, तर १९६७ मध्ये श्रवणबेळगोळ येथील कन्नड साहित्य संमेलनाचे. आयुष्याची अखेरची काही वर्षे त्यांनी म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या आणि प्राकृताच्या प्राध्यापकपदावर काढली. ८ ऑक्टोबर १९७५ रोजी त्यांचे निधन झाले. नियतकालिकांतून विखुरलेले त्यांचे शोधनिबंध १९८३ मध्ये ग्रंथरूपाने एकत्र आले, तेही म्हैसूर विद्यापीठाकडून.